दोर मऊ झाला म्हणून

नेहमीचे वाचक या वेळचा विषय पाहून जरा चमकतील. कधी शुद्धलेखन, कधी शाळेची घंटा, असं लिहिणारा माणूस आज एकदम विंचवरची पोलादी तार काढून तिथे कृत्रिम धाग्याचा दोर लावावा की नाही यावर लिहायला बसला आहे! पण चार माणसं एखाद्या गोष्टीवर फार ठामपणे बोलायला लागली की माझे कान टवकारतात. सदतीस वर्षं वर्गात काढल्याचा हा परिणाम असावा. या दोराबद्दल गेले तीन हिवाळे मी इतकं ठाम बोलणं ऐकतो आहे की आता माझंही एक मत झालं आहे. ते आधीच सांगून टाकतो. तार काढून दोर लावावा, जरूर लावावा. मात्र लावताना "हा मऊ असतो, यानं काही होत नाही" असं जे म्हणतात, ते वाक्य मला जुन्या तारेपेक्षा जास्त धोक्याचं वाटतं.

आधी यंत्राची ओळख करून देतो, कारण आपल्याकडे ते फारसं दिसत नाही. आमचे चिरंजीव अमेरिकेत मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात राहतात. मोठ्या रस्त्यापासून आत दोनशे मीटर खडीची वाट, मग घर, घरामागे बर्च आणि स्प्रूसचं जंगल, आणि जंगलात शिरलं की ठिकठिकाणी दलदल. अशा भागात पुष्कळांकडे एटीव्ही असते. मोटारसायकलसारखं हँडल आणि बैठक, पण खाली चार जाड फुगीर टायर. सुरुवातीला, म्हणजे १९७० साली होंडानं ती अमेरिकेत आणली तेव्हा तिला तीनच चाकं होती. ती फार उलटायची, माणसं दगावली, आणि १९८८ साली सरकारशी झालेल्या तडजोडीनंतर तिथे तीनचाकी विकणं बंद झालं. चार चाकं आली तरी अपघात काही संपले नाहीत, हे जाता जाता सांगून ठेवतो. सरपण ओढायला, पडलेलं झाड वाटेतून हलवायला आणि नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत वाटेवरचं बर्फ सारायला आमच्याकडे ही गाडी वापरतात.

तिच्या पुढच्या अंगाला विंच असतो. विंच म्हणजे आपला विहिरीवरचा रहाटच, फक्त हाताच्या ऐवजी बॅटरीवरची मोटर तो फिरवते. त्यावर पंधरा मीटर तार गुंडाळलेली आणि तारेच्या टोकाला आकडा. गाडी चिखलात रुतली की तार सोडत पुढे जायचं, एखाद्या दणकट झाडाच्या बुंध्याला रुंद पट्टा घालायचा, त्यात आकडा अडकवायचा आणि बटण दाबायचं. गाडी स्वतःच स्वतःला ओढून बाहेर काढते. आमच्या विंचची ओढ अडीच हजार पौंडांची, म्हणजे साधारण अकराशे किलोंची. हा आकडा रहाटावर तारेचा एकच थर उरलेला असतानाचा असतो. थर जितके जास्त तितका घेर मोठा आणि ओढ कमी. दुकानात हे कुणी सांगत नाही, पण यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. पुस्तिका कुणी वाचत नाही, तो भाग निराळा.

आता तारेचं काय बिघडलं होतं? आमची तार पाच मिलिमीटर जाडीची, बारीक तारांचे पेड पिळून केलेली. नवी असताना दिसायला फार सुंदर. दोन वर्षांत तिच्यातल्या एकेक बारीक तारा तुटून त्यांची टोकं बाहेर आली. गवताची कुसळं पायाला लागतात तशी ही कुसळं हाताला लागायची. फरक इतकाच की ही कातडी मोजातूनही आत शिरायची. चिरंजीवांच्या तळव्यात एकदा असं टोक रुतलं आणि ते काढताना सूनबाईंनी जे काही ऐकवलं, तिथूनच खरं तर दोर बदलण्याचा विषय निघाला. दुसरी अडचण पिळाची. "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही" हे मी वर्गात किती वेळा शिकवलं असेन, पण त्याचा अर्थ या तारेनं समजावला. एकदा का ती रहाटावर वेडीवाकडी दबून तिला मुरड पडली, की कितीही ताणा, सरळ होत नाही. आणि नेमकी त्या मुरडीपाशीच ती दुबळी होते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी. भरपूर ताणलेली तार तुटली तर ती जागच्या जागी खाली पडत नाही, चाबकासारखी उलटी येते. ती जड असते, कठीण असते आणि तिचं टोक करवतीसारखं असतं. म्हणून तारेच्या मध्यावर जाड घोंगडी किंवा वजनदार पिशवी टाकायची रीत आहे, म्हणजे तुटलीच तर त्या वजनानं ती खाली दबते. चिरंजीव हे नेमानं करत. नातू नऊ वर्षांचा आहे. तो तेव्हा गॅरेजच्या दारात उभा राहून पाहायचा, पुढे यायची त्याला बंदीच होती.

तर असा सगळा विचार होऊन गेल्या सप्टेंबरात नवा दोर आला. रंगानं चक्क भगवा. मी हातात घेतला आणि मला हसूच आलं. परकराच्या नाडीपेक्षा थोडा जाड, हाताला गुळगुळीत, जवळजवळ मेणचट. पंधरा मीटरच्या तारेचं वजन दीड किलो असेल, तर याचं जेमतेम पाव किलो. आणि जोर? पाच मिलिमीटरची तशी पोलादी तार साधारण एकोणीसशे किलोंना तुटते, आणि तेवढ्याच जाडीचा हा दोर बावीसशेच्या आसपास. पाण्यात टाकला तर तरंगतो. गंजायचा प्रश्नच नाही. याच्यात पीळही नसतो. बारा पेड एकमेकांत वेणीसारखे घातलेले असतात, त्यामुळे तो मुरडत नाही. सुंभाची म्हण इथे लागू पडत नाही, याची एका मराठीच्या मास्तरानं नोंद घ्यायलाच हवी.

गंमत म्हणजे हा धागा कुळानं आपल्या दुधाच्या पिशवीचा भाऊबंद आहे. दोन्ही पॉलिएथिलीनच. फरक रेणूंच्या लांबीचा आणि ते कसे रचले आहेत याचा. पिशवीत ते गुंताडा होऊन पडलेले असतात. या धाग्यात ते प्रचंड लांब असतात आणि सगळे एका दिशेनं, तेल लावून विंचरलेल्या केसांसारखे ओळीत लागलेले असतात. ते तसे ओळीत लावायची युक्ती नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा या दोघांनी शोधली, १९७९ साली तिचं पेटंट घेतलं गेलं. पॉलिएथिलीन एका द्रावात विरघळवून, त्याची खळीसारखी लगदी करून तिचे तंतू ओढायचे आणि मग ते गरम करून कितीतरी पट लांबवायचे. डायनीमा हे त्या धाग्याचं व्यापारी नाव. २०२२ साली डीएसएमनं हा धंदा एव्हियंट या अमेरिकन कंपनीला विकला. आधी जहाजांवर, मग जंगलातल्या कामावर आणि मग हौशी लोकांच्या जीपवर असा तो पसरत गेला. ओरेगनच्या विद्यापीठात तर २००० सालच्या आसपास लाकूडतोडीच्या कामात पोलादी तारेऐवजी हा दोर चालेल का याच्या रीतसर चाचण्या झाल्या. तिथे मुख्य कारण वजनाचं होतं. डोंगर चढून शेकडो फूट तार ओढत नेणाऱ्या मजुराला सातव्या-आठव्या भागाइतकं वजन म्हणजे केवढा दिलासा! आमच्या एटीव्हीवर तो फायदा सव्वा किलोचा. जाहिरातीत मात्र इथेही वजनाचंच कौतुक.

मी इतिहासही शिकवत असे, त्यामुळे मला उलट्या दिशेनं पाहायची सवय आहे. पोलादी तार आली तीच मुळी धाग्याच्या दोराला हटवून. जर्मनीत हार्त्स डोंगरातल्या क्लाउस्थाल इथे खाणी होत्या. खोल खाणीतून माल वर काढायला तागासारख्या हेम्पचे दोर नाहीतर लोखंडी साखळ्या वापरत. दोर कुजायचे. साखळीचं दुखणं वेगळं होतं. तिची एक कडी तुटली की सगळं खाली, आणि ती कडी आदल्या क्षणापर्यंत काही सांगत नाही. तिथले खाण-अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट यांनी १८३४ साली चार-चार लोखंडी तारांचे तीन पेड पिळून दोर केला आणि तो खाणीत वापरला. त्यात शहाणपण असं होतं की एक तार तुटली तर बाकीच्या भार धरतात, आणि तुटलेलं टोक वर येऊन दिसतं. पुढे जॉन रोब्लिंगनं १८४० च्या दशकात अमेरिकेत पेन्सिल्व्हानियातल्या उतारांच्या रेल्वेवर हेम्पच्या दोरांऐवजी तारेचे दोर लावले आणि त्याच वाटेनं तो ब्रुकलिनच्या पुलापर्यंत पोहोचला.

म्हणजे ज्या कुसळांनी चिरंजीवांचा तळवा फोडला, ती त्या तारेची बोली होती. "मी म्हातारी झाले, मला बदला" असं ती सांगत होती. नव्या दोराची बोली इतकी स्पष्ट नाही. वापरला की त्याला पहिल्या काही दिवसांतच कापसासारखी लव येते, आणि ती येणं वाईट नसतं. ती थोडीफार आतल्या धाग्यांना राखतेच. पण उन्हानं झालेलं नुकसान, दोन पेडांमध्ये शिरलेली वाळू आतल्या आत धागे कापते ते, कुठे तरी गरम होऊन धागे चिकटून कडक झाले ते, हे सगळं दोर बोटांत धरून, वाकवून, पेड जरा उघडून पाहावं लागतं. वर्षातून दोनदा पाण्यानं धुवावा लागतो. याला मी खोट म्हणत नाही, पण तारेपेक्षा याला जास्त लक्ष लागतं, कमी नाही. दुकानदार नेमकं याच्या उलट सांगतात.

लावण्याचीही हीच कथा. चिरंजीवांचा बेत असा होता की रविवारी सकाळी तार सोडायची, दोर गुंडाळायचा, जेवायला घरात. आमचे शेजारी त्या दिवशी सहज आले होते. माझ्याच वयाचे गृहस्थ आहेत, सगळं आयुष्य लाकूडतोडीच्या कामात गेलेलं. फार बोलत नाहीत. त्यांनी विंचच्या तोंडाशी असलेल्या चौकटीतल्या रुळांवरून नुसतं नख फिरवलं आणि मला खूण करून तेच करायला लावलं. तारेनं त्या रुळांवर खाचा पाडल्या होत्या, आणि प्रत्येक खाचेला धार होती. त्यावरून हा गुळगुळीत दोर ओढला असता तर पहिल्याच दिवशी चिरला असता. मग रूळ काढून तिथे गोल ओठांची ॲल्युमिनियमची चौकट बसवली. रहाटाच्या आतल्या अंगालाही असे ओरखडे होते, ते कानशीनं आणि पॉलिश कागदानं घासून काढले. त्यात रविवार गेला.

आणखी दोन गोष्टी त्या दिवशी कळल्या. तारेचे चार-पाच वेढे रहाटावर राखले की ती धरून बसते. हा दोर निसरडा, त्याचे आठ-दहा वेढे तरी कधीच सोडायचे नाहीत. आणि पहिला थर ताण देऊन, एकाला एक चिकटून गुंडाळायचा, नाहीतर वरचा वेढा जोर पडला की खालच्यांत घुसून बसतो. सुनेनं ब्रेकवर पाय ठेवून गाडी किंचित रेटत ठेवली आणि दोर झाडाला अडकवून चिरंजीवांनी पंधरा मीटर असा एकेक वेढा बसवला. खुद्द धाग्याचा मोठा शत्रू म्हणजे उष्णता. हा दीडशे अंशांच्या आतच वितळतो, आणि सत्तर अंशांपुढे त्याचा जोर कमी व्हायला लागतो. पुष्कळ विंचांमध्ये ब्रेक रहाटाच्या पोटातच असतो. ताणाखाली दोर उलटा सोडत राहिलं, म्हणजे उतारावर एखादा ओंडका विंचनं धरून हळूहळू खाली उतरवला, की तो ब्रेक तापतो आणि रहाटाला लागून असलेला पहिला थर भाजतो. वरून काहीच दिसत नाही.

शेजाऱ्यांनी मात्र शेवटपर्यंत आपला हेका सोडला नाही. त्यांचं म्हणणं, बर्फ सारायचं असेल तर तारच बरी. ऐकायला हे जुनाट वाटतं, पण मी नीट पाहिलं तेव्हा मला त्यांचं पटलं. बर्फ सारायचं रुंद पातं गाडीच्या पुढे असतं आणि ते उचलायचं काम विंचच करतो. एका सकाळी आमची वाट साफ करताना पातं शंभर वेळा वर-खाली होतं. दर वेळी दोराचा तोच वीतभर तुकडा त्याच ओठावरून, त्याच कोनात वाकतो. पातं पूर्ण वर आलं तरी बोट बटणावरच राहिलं तर मोटर ओढतच राहते आणि सगळा जोर त्या वीतभर तुकड्यावर येतो. शिवाय ओल्या दोरात पाणी राहतं, रात्री उणे वीस-पंचवीस तापमानात त्याचा रहाटावर दगड होतो. लाकूडतोड्या माणसानं शंभर शब्दांतही सांगितलं नसतं, त्यांनी आपला नुसता आपल्या गाडीवरचा तारेचा तो झिजलेला भाग दाखवला. तारही तिथेच झिजली होती, पण टिकली होती.

यावर आमच्याकडे जो तोडगा निघाला तो बरा आहे. पात्यासाठी अर्ध्या मीटरचा वेगळा जाड पट्टा विंचला लावायचा, हिवाळाभर तोच झिजवायचा, आणि लांब दोर धुऊन वाळवून घरात टांगून ठेवायचा. एप्रिलमध्ये परत चढवायचा. हे कष्टाचं आहे. पण हौसेनं महागडी वस्तू आणायची आणि तिच्यासाठी अर्धा तास द्यायचा नाही, हे मला मुळातच पटत नाही. (आमच्या शाळेत प्रयोगशाळेसाठी आलेली उपकरणं खोक्यातच गंजलेली मी पाहिली आहेत. असो.)

इथपर्यंत सगळं ठीक होतं. खरा वाद झाला तो ऑक्टोबरमध्ये. जंगलाच्या वाटेवर पडलेलं एक झाड ओढून बाजूला करायचं होतं. दोर नवा, सगळे खुशीत. मी पाहतो तर घोंगडी गॅरेजमध्येच, आणि नातू गाडीच्या बाजूला, ताणलेल्या दोरापासून दोन हातांवर उभा! मी हाक मारून त्याला मागे बोलावलं. चिरंजीव म्हणाले, "बाबा, आता त्याची गरज नाही. हा तारेसारखा उसळत नाही. तुटला तरी मेलेल्या सापासारखा खाली पडतो. म्हणून तर घेतला!" नातवानंही लगेच वडिलांची री ओढली, "आजोबा, तो मऊ आहे."

त्या वेळी मी काही बोललो नाही. सुरू असलेल्या कामात वाद घालू नये. नातवाला मात्र हाताला धरून लांब नेलं. संध्याकाळी त्याला गलोलीची गोष्ट सांगितली. ओढून सोडलं तर पोपटसुद्धा पडेल अशा गलोलीचं रबर किती मऊ असतं! रबर कुणाला लागत नाही. लागतो तो दगड. विंचच्या दोराच्या टोकाला दगडाच्या जागी आकडा आहे, पाव-अर्धा किलो पोलादाचा. पलीकडे शॅकल आहे, झाडाला घातलेला पट्टा आहे, गाडीच्या सांगाड्याला विंच धरून ठेवणारे बोल्ट आहेत. यातलं काहीही सुटलं तर ताण मोकळा होतो, आणि तो कुणाला घेऊन उडेल हे दोराच्या मऊपणावर ठरत नाही. दोर हलका आहे, त्यामुळे नुसता दोरच तुटला तर त्याचा फटका तारेच्या फटक्यापेक्षा पुष्कळ कमी, हे मान्य. म्हणून तर बदलावा असं मी म्हणतो. पण नुसता दोरच तुटेल अशी हमी कोण देणार? त्यातून कुणी झाडाला घालायला ताणला जाणारा नायलॉनचा पट्टा वापरला, तर गलोल पुरी झालीच की.

चिरंजीवांना गलोल पुरली नाही, ते इंजिनिअर आहेत. त्यांच्यासाठी मी एका जहाजाची हकिकत शोधून काढली. २ मार्च २०१५ रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या साउथ हूक धक्क्याला 'झार्गा' नावाचं द्रवरूप वायू वाहणारं प्रचंड जहाज बांधलं जात होतं. त्याचे दोर याच जातीच्या धाग्याचे होते. अशा दोरांबद्दल समज हाच की ते फारसे ताणले जात नाहीत, म्हणून तुटले तरी उसळत नाहीत. त्यातला एक दोर तुटला, उलटा आला आणि डेकवर काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोक्याला फार गंभीर इजा झाली. ब्रिटनच्या सागरी अपघात चौकशी विभागानं तपास केला. खुद्द दोर कमी ताणला जाणारा होता, पण त्याच्या टोकाला जास्त ताणल्या जाणाऱ्या दुसऱ्या दोराचा लांब तुकडा जोडलेला होता. ताण साठला तो त्या तुकड्यात, आणि त्यानंच तुटलेला दोर मागे फेकला. शिवाय दोरावर वरून वेष्टण होतं, त्यामुळे आतले धागे निकामी झालेले बाहेरून दिसत नव्हते. बांधणाऱ्यांनी मुद्दाम हलगर्जी केली असं मला त्यात कुठे दिसलं नाही. ते अनुभवी लोक होते. धोका कुठे आहे याबद्दलची त्यांची कल्पना तेवढी बदलली होती, आणि माणूस उभा राहतो तो आपल्या कल्पनेप्रमाणे.

हे वाचताना मला आमच्या गावची मोट आठवली. ती ओढायचा जाड दोर तो नाडा, आणि खालच्या कण्यावरून जाणारा बारीक तो सोंदूर. नाडा अंबाडीचा, मऊच म्हणायचा. तरी बैल धावेवरून खाली निघाले की आम्हा पोरांना थारोळ्यावर उभं राहायची बंदी होती. काका नवा नाडा आणायचे त्या वर्षीही बंदी तीच, आणि जुना विरत आला असेल तेव्हाही तीच. "नवा आहे, आता उभे राहा" असं कधी कुणी म्हटलं नाही. बंदी जागेला होती. ती दोराला बांधलेली नव्हती, म्हणून दोर बदलला तरी ती बदलायची नाही. आमच्या गॅरेजमध्ये मात्र बंदी तारेला बांधली गेली होती, त्यामुळे तार गेली तशी तीही गेली.

मला या हौशी मंडळींकडून, आणि हा दोर विकणाऱ्यांकडून, एवढंच हवं आहे की "हा सुरक्षित आहे" असं म्हणू नका. "याचा फटका कमी आहे" असं म्हणा. शब्दांच्या बारकाव्यांवर आयुष्य घालवलेला माणूस म्हणून सांगतो, या दोन वाक्यांत नऊ वर्षांच्या मुलाच्या डोक्याइतकं अंतर आहे. पहिलं ऐकलं की माणूस पुढे सरकतो. दुसरं ऐकलं की निदान विचारतो, "कमी म्हणजे किती?"

चिरंजीवांनी झार्गाची हकिकत पूर्ण वाचली. मग म्हणाले, "जहाजाचा दोर आणि आपला दोर यात फरक आहे बाबा, तिथे टनांचा हिशेब आहे." आहेच फरक. पण नातवाच्या कवटीचाही हिशेब टनांत नाही, असं मी म्हणालो आणि सूनबाईंनी माझी बाजू घेतल्यामुळे विषय तिथेच थांबला. सगळं पटलं आहे असं मला वाटत नाही. घोंगडी त्यांना अजून जास्तीची वाटते, वाटो. सोडलेल्या दोराच्या लांबीइतकं तरी अंतर सगळ्यांनी राखायचं आणि ओढीच्या रेषेत कुणी थांबायचं नाही, इतकं मात्र ठरलं आहे. दोर पंधरा मीटर, म्हणून नातवानं गॅरेजपासून पंधरा मीटर मोजून तिथे एक लाल खुंटी ठोकली. वाटेत ती सगळ्यांच्या पायाला लागते, पण काढू देत नाही. शेजारी परवा तिला अडखळले. ती कशासाठी आहे हे मी माझ्या इंग्रजीत समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी खुंटीकडे पाहिलं, मग आपल्या डाव्या हाताच्या दोन अर्ध्या बोटांकडे पाहिलं आणि खुंटी अजून चार पावलं मागे न्यायला सांगितली.